कॅलॅनस हटला, देवमासे निघाले : मेन आखाताचे एक प्रकरण

उत्तर अटलांटिक राइट व्हेल हा तेरा ते सोळा मीटर लांबीचा देवमासा. त्याचे मुख्य अन्न म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरचा एक कवचधारी प्राणी, कॅलॅनस फिनमार्किकस. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामध्ये पसरलेल्या मेन आखातात २०१० नंतर या प्राण्याचा उन्हाळी साठा घसरला. देवमाशांनी कित्येक दशकांची चरण्याची ठिकाणे सोडली आणि उत्तरेला सेंट लॉरेन्स आखात गाठले. तिथे २०१७ च्या एका हंगामात त्यांचे १२ मृतदेह मिळाले. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे ५ धरून त्या वर्षाचा आकडा १७ झाला. जगात एकूण साडेचारशेसुद्धा न उरलेल्या जातीला एका वर्षात १७ मृत्यू परवडत नाहीत.

या मृत्यूंचे थेट कारण जहाजांची धडक आणि मासेमारीचे दोर. त्याबद्दल वाद नाही. पण जिथे जहाजे आणि दोर होते आणि संरक्षण नव्हते, तिथे हे प्राणी नेमके त्याच वर्षांत का जाऊन पोहोचले, हे प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे कॅलॅनससारखे बारीक जीव, पाहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय ‘समुद्र तापला, अन्न संपले’ एवढ्यावर हे प्रकरण मिटवले, तर त्यातून चुकीचे निष्कर्ष निघतात. अन्न सरसकट संपले नव्हते. ते विशिष्ट ऋतूत, विशिष्ट खोलीवर आणि समुद्रतळाच्या विशिष्ट खोलगटांत विरळ झाले होते. देवमाशाला मात्र त्याच ऋतूत, त्याच खोलीवर ते दाट हवे होते.

आधी हा प्राणी

कॅलॅनस हा कोपेपॉड गटातला. लहान कवचधारी म्हटले की कोकणातल्या माणसाला जवळा आठवतो. कॅलॅनस लांबीने त्याच्या दहाव्या हिश्श्याचा आणि पूर्ण वेगळ्या कुळातला. नॉर्वेच्या फिनमार्क प्रांतावरून त्याला हे नाव मिळाले. १७७० मध्ये त्याचे पहिले वर्णन ट्रोंडहाइमचे बिशप आणि निसर्गअभ्यासक योहान अर्न्स्ट गुन्नेरुस यांनी केले.

अंड्यातून निघाल्यावर सहा नॉप्लियस (डिंभक) अवस्था, मग पाच कोपेपोडाइट (प्रौढासारख्या दिसणाऱ्या पिल्लांच्या) अवस्था आणि शेवटी प्रौढ, असा त्याचा प्रवास. प्रत्येक टप्प्याला कात टाकावी लागते. पहिल्या दोन नॉप्लियस अवस्था काही खात नाहीत, अंड्यातल्या शिदोरीवर जगतात. तिसरीपासून तोंड चालू होते. वसंतात डायटम या तरंगत्या एकपेशीय वनस्पतींचा बहर येतो, तेव्हा वरच्या थरात ही पिढी झपाट्याने वाढते. डायटम नसतील तेव्हा ती सिलिएटसारखे सूक्ष्म एकपेशीय जीव खाते. कॉड, हॅडॉक यांची नुकती जन्मलेली पिल्ले याच काळात कॅलॅनसच्या अंड्यांवर आणि नॉप्लियसवर वाढतात, हेरिंग आणि सँडलान्स मोठ्या अवस्था टिपतात.

आपल्या प्रकरणात महत्त्वाची आहे ती पाचवी कोपेपोडाइट अवस्था. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ताज्या नमुन्यातला असा एखादा प्राणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर शरीर काचेसारखे आरपार दिसते. दोन्ही बाजूंना अंगाइतक्या लांब स्पर्शिका असतात, त्यांच्या टोकांना आणि अंगावर कुठे कुठे लालसर छटा. आणि आतड्याच्या वरच्या अंगाला, पाठीलगत, डोक्याकडून शेपटीकडे गेलेली एक लांबट, चकचकीत, निर्मळ पिशवी असते. ही तेलाची पिशवी. पोसलेल्या प्राण्यात ती शरीराची बरीचशी पोकळी व्यापते, आणि सुक्या वजनाचा निम्म्याहून अधिक हिस्सा चरबीचा असू शकतो. हे साधे तेल नाही. ते मेणवर्गी असते, सावकाश खर्च होते आणि पुढच्या पिढीसाठी भांडवल म्हणून टिकते.

पिशवी भरली की पाचव्या अवस्थेतले बहुतेक प्राणी खाणे थांबवून खाली उतरतात. खुल्या अटलांटिकमध्ये ते पाचशे मीटरच्या खाली, कधी हजार मीटरच्याही पुढे जातात. मेन आखातात एवढी खोलीच नाही, म्हणून खोलगटांत दोन-तीनशे मीटरवर थांबतात. तिथे थंड अंधारात हालचाल आणि श्वसन अगदी कमी करून महिनोन्‌महिने पडून राहतात. हिवाळ्याच्या उत्तरार्धात प्रौढ होऊन वर येतात आणि त्याच तेलावर अंडी घालू लागतात.

अरबी समुद्राशी परिचय असलेल्यांना ही रीत अनोळखी वाटू नये. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळचा कॅलॅनॉइड्स हा कोपेपॉडही पाचव्या अवस्थेत खोलवर दडून राहतो आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी थंड, पोषक पाणी वर खेचले की वर येतो. समुद्र वेगळा असला तरी युक्ती तीच आहे: सुगीत तेल साठवायचे आणि पडत्या काळात खोल जायचे.

अन्नजाळ्यातले कॅलॅनसचे स्थान या तेलात आहे. डायटम पेशी मिलिमीटरच्या अंशाइतकी. तिला गाळून खाण्याची सोय कोणत्याच देवमाशाकडे नाही. कॅलॅनस त्या विखुरलेल्या पेशी गोळा करून तीन मिलिमीटरच्या, तेलाने भरलेल्या पुडीत बांधतो. अन्नसाखळीत एक पायरी चढताना ऊर्जेचा ढोबळमानाने दहावा हिस्साच पुढे जातो. डायटम, कॅलॅनस, देवमासा, एवढ्या आखूड साखळीमुळेच साठ-सत्तर टनांचे जनावर प्लवकावर जगू शकते. मध्ये एखादा मासा आला असता तर हे गणित जमले नसते.

चरण्याचा हिशेब

राइट व्हेल तोंड उघडे ठेवून संथ पोहतो. वरच्या जबड्याला दोन्ही बाजूंना दोनशेच्या वर बॅलीनच्या पट्ट्या लोंबत असतात. आतल्या कडांचे बारीक केस एकमेकांत गुंतून चाळणी तयार होते. पाणी समोरून आत येते, बाजूंनी बाहेर जाते, प्राणी केसांवर अडकतात. घोट घेऊन तोंड मिटणाऱ्या ब्लू व्हेलसारखी ही पद्धत नव्हे. इथे पाणी सतत वाहत राहते, आणि उघड्या तोंडाने पोहायला मेहनतही भरपूर लागते.

आता आकडेमोड. तोंडाचा पाण्याला सामोरा भाग सव्वा चौरस मीटर आणि वेग सेकंदाला १.४ मीटर धरला, तर सेकंदाला पावणेदोन घनमीटर, म्हणजे तासाला सुमारे ६,३०० घनमीटर पाणी गाळले जाते. पाण्यात घनमीटरला १०,००० कॅलॅनस असतील, तर तासाला ६ कोटींच्या वर प्राणी तोंडात येतात. एकाचे ओले वजन दोन मिलिग्रॅमच्या आसपास धरले, तर दहा तासांच्या चरण्यात सव्वा टन अन्न मिळते. मोठ्या देवमाशाचा दिवस त्यावर निघतो, वर चरबीही साठते.

तेच पाणी घनमीटरला १,००० प्राण्यांचे असेल, तर त्याच दहा तासांत सव्वाशे किलो पदरात पडतात. मेहनत मात्र तेवढीच. अशा पाण्यात चरणे तोट्याचे, आणि म्हणून देवमासे तिथे तोंडच उघडत नाहीत. मेन आखाताच्या नैर्ऋत्य टोकाच्या केप कॉडच्या उपसागरात चरणाऱ्या देवमाशांच्या मागावर जाळी ओढून पाहिले गेले, तेव्हाही हेच दिसले: घनमीटरला काही हजारांच्या खाली घनता गेली की चरणे थांबते.

म्हणून ‘आखातात एकूण कॅलॅनस किती’ हा प्रश्न देवमाशाच्या दृष्टीने अपुरा आहे. दहा मीटर जाडीचा दाट थर हे त्याचे पोटभर जेवण. तेच प्राणी दीडशे मीटरच्या स्तंभात पसरले तर त्याची उपासमार.

दाट थर कसा बनतो

मेन आखात वरून पाहिले तर अमेरिकेतल्या केप कॉडपासून कॅनडातल्या नोव्हा स्कोशियापर्यंतचा उघडा किनारा वाटतो. पाण्याखाली ते जवळपास बंद भांडे आहे. समुद्राच्या बाजूला जॉर्जेस बँक आणि ब्राउन्स बँक ही उथळ पठारे आडवी येतात. दोहोंच्या मध्ये नॉर्थईस्ट चॅनेल ही फट आहे, तिचा उंबरा सुमारे २३० मीटर खोलीवर. आखाताचे खोल पाणी जवळजवळ सगळे या फटीतून येते. आत विल्किन्सन, जॉर्डन आणि जॉर्जेस हे तीन मोठे खोलगट आहेत. वरच्या थराचे पाणी नोव्हा स्कोशियाच्या उथळ समुद्रावरून वाहत येते आणि सोबत कॅलॅनसही आणते.

ईशान्येला फंडीचा उपसागर. जगातली सर्वांत मोठी भरती-ओहोटी याच उपसागराच्या टोकाला होते. पाणी सोळा मीटरपर्यंत चढते-उतरते. त्याच्या तोंडाशी ग्रँड मनान बेटाजवळ सुमारे दोनशे मीटरचा खोलगट आहे. भरतीचा प्रवाह तळाशी घासतो, त्यामुळे तळालगत काही मीटरपासून कित्येक मीटरपर्यंत जाडीचा घुसळलेला थर तयार होतो. सुप्तावस्थेतले कॅलॅनस त्या घुसळणीच्या नेमके वर जमतात. वरून प्रकाश आणि शिकारी मासे, खालून खळबळ, आणि मध्ये ही पट्टी. देवमाशांना चिकटवलेल्या नोंदयंत्रांनी दाखवले की ते ८० ते १७५ मीटरपर्यंत सरळ बुडी मारतात, थराच्या खोलीवर सपाट पोहत चरतात आणि सुमारे बारा मिनिटांनी वर येतात. नोव्हा स्कोशियाच्या दक्षिणेचा रोझवे खोलगट हे दुसरे असे ठिकाण.

वर्षाचा क्रम ठरलेला होता. फेब्रुवारी ते एप्रिल केप कॉडचा उपसागर, मग जूनपर्यंत केप कॉडच्या आग्नेयेची ग्रेट साउथ चॅनेल, जुलै ते सप्टेंबर फंडी आणि रोझवे. उन्हाळ्याच्या अखेरचा हा शेवटचा मुक्काम सर्वांत कसाचा, कारण तेव्हा पाचव्या अवस्थेतली तेलपिशवी भरलेली असते. मादी बारा-तेरा महिने गाभण राहते आणि पुढे वर्षभर पाजते. ती चरबी बहुतांशी इथेच कमावते.

आधी एकदा मिळालेली खूण

२०१० नंतर जे घडले त्याची छोटी आवृत्ती त्याआधीच होऊन गेली होती. आखाताचे खोल पाणी दोन उगमांतून येते: एक कॅनडाच्या ईशान्येच्या लॅब्राडोरकडून येणारे थंड आणि कमी खारे, दुसरे गल्फ स्ट्रीम या दक्षिणेकडून येणाऱ्या प्रवाहाच्या बाजूचे उबदार आणि जास्त खारे. १९९६ च्या हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवरच्या वायुदाबाचा निर्देशांक एकदम कोसळला. त्याचा परिणाम समुद्रात पोहोचायला दीड-दोन वर्षे लागली; १९९८ मध्ये लॅब्राडोरचे थंड पाणी आखातात घुसले आणि त्या काळात कॅलॅनसची संख्या पडली. १९९९-२००० च्या हिवाळ्यात जन्मलेले पिल्लू एक. कॅलॅनस सावरल्यावर २०००-०१ मध्ये ३१ पिल्ले.

या घटनेतून दोन गोष्टी ठळक होत्या. प्लवकातला बदल देवमाशांच्या पाळण्यात उतरायला एक-दोन वर्षे लागतात. आणि थंड पाणी म्हणजे चांगले, उबदार म्हणजे वाईट असा सरळ नियम लावता येत नाही. तेव्हा तर थंड पाण्याच्या घुसखोरीतच घट झाली होती. पाणी कुठून आले, सोबत काय घेऊन आले आणि कोणत्या महिन्यात आले, हे पाहावे लागते.

२०१० नंतर

त्यानंतरचे दशक बरे गेले. २००८-०९ च्या हिवाळ्यात ३९ पिल्लांचा विक्रम झाला आणि २०१० च्या सुमारास एकूण संख्या ४८० च्या आसपास पोहोचली. मग गल्फ स्ट्रीमचा मार्ग उत्तरेकडे सरकला. न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ पठाराला वळसा घालून पश्चिमेकडे येणारा लॅब्राडोरच्या पाण्याचा पुरवठा आटला. नॉर्थईस्ट चॅनेलमधून आत येणारे पाणी उबदार आणि खारे झाले. २००४ ते २०१३ या काळात मेन आखाताचा पृष्ठभाग जगातल्या ९९ टक्के समुद्रापेक्षा वेगाने तापला.

कॅलॅनसवर याचा मार दोन बाजूंनी बसला. पहिला पुरवठ्याचा: बाहेरच्या पाण्याबरोबर येणारे प्राणीच कमी झाले. मेन आखातातला कॅलॅनस स्वतःच्या बळावर पुरता टिकत नाही, त्याला बाहेरून भर लागते. दुसरा मार कमी दिसणारा, पण आमच्या मते तेवढाच महत्त्वाचा. सुप्तावस्थेतला प्राणी खात नाही, नुसते तेल जाळतो, आणि जाळण्याचा दर तापमानावर ठरतो. दहा अंशांना दर दुप्पट ते तिप्पट होतो असे धरले, तर पाणी फक्त दोन अंशांनी तापल्यावरही खर्च १५ ते २५ टक्क्यांनी वाढतो. सहा महिन्यांची शिदोरी पाच महिन्यांत संपते. मग तो वेळेआधी वर येतो, किंवा तिथेच संपतो. आणि जो देवमाशाच्या तोंडी लागतो त्याच्याही पिशवीत तेल कमी, म्हणजे तेवढ्याच संख्येत ऊर्जा कमी.

घट सगळीकडे सारखी नव्हती, आणि हे विसरता कामा नये. आखाताच्या पश्चिम भागात किनाऱ्यालगतच्या प्रवाहाने वसंतातला कॅलॅनस येतच राहिला. केप कॉडच्या उपसागरात उलट अधिक देवमासे दिसू लागले. पडझड झाली ती पूर्वेकडे, उन्हाळ्याच्या अखेरीस, नेमकी फंडी आणि रोझवेच्या थरांत. तिथून देवमासे जवळपास नाहीसे झाले.

पाळण्याचा हिशेबही तसाच उतरला. दोन बाळंतपणांतले अंतर तीन-चार वर्षांचे होते, ते सातच्या पुढे गेले. २०१७-१८ च्या हिवाळ्यात एकही पिल्लू जन्मले नाही. आज वाढणारे देवमासे १९८० च्या सुमारास जन्मलेल्यांपेक्षा पूर्ण वाढीला सुमारे एक मीटरने आखूड राहतात. दोर ओढत फिरण्याचा शीण हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते.

मोजमापात हे उशिरा का दिसले

प्लवकाचे सर्वेक्षण त्या भागात दशकानुदशके चालू होते. तरीही देवमासे निघून गेल्यावर कारण शोधावे लागले. यात हलगर्जी नव्हती. साधनांचा स्वभावच तसा आहे.

सर्वांत जुनी मालिका अखंड प्लवक नोंदणी यंत्राची. ॲलिस्टर हार्डी यांनी रचलेले हे धातूचे पेटारे १९३१ पासून व्यापारी जहाजांच्या मागे ओढले जातात. आत रेशमी जाळीची पट्टी हळूहळू गुंडाळली जाते आणि प्लवक तिच्यात दाबले जाते. मालिका अमूल्य आहे. पण यंत्र पृष्ठभागाखाली सात ते दहा मीटरवर चालते. ऑगस्टमध्ये दीडशे मीटरवर झोपलेला कॅलॅनस त्याला दिसणारच नाही.

अमेरिकी सर्वेक्षणातली बोंगो जाळी म्हणजे ६१ सेंटिमीटर व्यासाची दोन तोंडे शेजारी शेजारी, विण ३३३ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ती तिरकी खाली सोडून वर ओढतात. पाचवी अवस्था आणि प्रौढ तिच्यात नीट सापडतात. लहान अवस्था आरपार निघून जातात, म्हणून येणाऱ्या पिढीचा अंदाज तिच्यावरून बांधू नये. कॅनडाच्या केंद्रांवर ७५ सेंटिमीटरची, २०० मायक्रॉन विणीची जाळी तळापासून सरळ वर ओढतात. ती लहानांनाही पकडते, पण डायटमच्या बहरात चिकट थराने बुजते. तोंडातल्या प्रवाहमापकाचा आकडा दोरीच्या लांबीशी ताडून पाहिला नाही, तर गाळलेले पाणी जास्त धरले जाते आणि घनता खोटी कमी निघते.

सर्वांत मोठी अडचण सरासरीची. १५० मीटर खोल पाण्यात १० मीटरचा एक थर घनमीटरला १०,००० प्राण्यांचा आहे आणि उरलेल्या १४० मीटरांत घनमीटरला १००. तळापासून वर जाळी ओढली तर सरासरी ७६० येते. हा आकडा वाचून कुणीही म्हणेल की इथे देवमाशाला काही नाही. प्रत्यक्षात तिथे पंगत वाढलेली आहे. उलट संपूर्ण स्तंभात सारखे ७६० असतील, तरी आकडा तोच, आणि देवमासा उपाशी. हा फरक कळायला खोलीनुसार उघड-मिट होणाऱ्या जाळ्या, प्रकाशीय मोजणीयंत्र किंवा पाण्याखालचा कॅमेरा लागतो. ही साधने मोजक्या मोहिमांवर असतात, दर महिन्याच्या फेरीवर नसतात.

आणि एक गोष्ट प्रयोगशाळेतली: तेलपिशवीचे मोजमाप ताज्या, जिवंत प्राण्याच्या छायाचित्रावर करावे. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या जुन्या नमुन्यात प्राणी मोजता येतात, पण पिशवीचा आकार भरवशाचा राहत नाही. संख्या तेवढीच आणि तेल निम्मे, ही स्थिती त्यामुळे जुन्या बाटल्यांमधून सहजासहजी वाचता येत नाही.

सेंट लॉरेन्स

२०१५ पासून दक्षिण सेंट लॉरेन्स आखातात राइट व्हेल मोठ्या संख्येने दिसू लागले. पुढे दर उन्हाळ्यात शंभराहून अधिक ओळखीचे देवमासे तिथे नोंदले गेले. तिथे कॅलॅनस फिनमार्किकस आहेच, शिवाय त्याचा उत्तरेकडचा मोठा भाऊबंद कॅलॅनस हायपरबोरियस आहे, लांबीने जवळपास दुप्पट आणि तेलाने कितीतरी भरलेला. सेंट लॉरेन्स नदीमुखाकडून गॅस्पेचा प्रवाह हे दोन्ही दक्षिणेच्या उथळ दऱ्यांत आणून टाकतो. पण हा पुरवठा दर वर्षी सारखा नसतो. साध्या प्रौढ देवमाशाचे तिथे भागते. पाजणाऱ्या मादीची गरज भागेलच असे नाही.

संरक्षण मात्र जुन्या ठिकाणी उभे होते. फंडीतला जहाजमार्ग २००३ मध्ये देवमाशांना वाचवून सरकवला होता. रोझवे खोलगट जहाजांनी टाळावा अशी आंतरराष्ट्रीय शिफारस २००८ पासून लागू होती. कॅनडाने याच दोन जागा महत्त्वाचे अधिवास म्हणून घोषित केल्या होत्या. अमेरिकेत डिसेंबर २००८ पासून ठरावीक जागी, ठरावीक महिन्यांत ६५ फूट आणि त्याहून मोठ्या जहाजांना १० नॉटची (तासाला सुमारे १८.५ किलोमीटरची) वेगमर्यादा आली होती. हे सगळे उपाय त्या त्या वेळी योग्य होते आणि उपयोगी पडले होते. पण ते नकाशावरच्या चौकोनांना बांधलेले होते, आणि चौकोनातले अन्न हलले होते.

सेंट लॉरेन्स हा माँट्रियलकडे जाणारा राजमार्ग. शिवाय दक्षिण भागात स्नो क्रॅबची मोठी मासेमारी: तळाशी पिंजरे, प्रत्येकापासून पृष्ठभागावरच्या बोयापर्यंत उभा जाड दोर. २०१७ मध्ये तिथला कोटाही मोठा होता, म्हणजे पाण्यात दोर जास्त. तोंड उघडे टाकून चरणाऱ्या प्राण्याच्या बॅलीनमध्ये दोर अडकला की तो गिरकी घेतो आणि स्वतःला आणखी गुंडाळून घेतो. या जातीतल्या ८० टक्क्यांहून अधिक देवमाशांच्या अंगावर दोराचे व्रण आहेत. काही बुडून मरतात. काही महिनोन्‌महिने पिंजऱ्याचे ओझे ओढत, खंगत मरतात. ही क्रूर मरणे आहेत, आणि टाळता येण्यासारखी आहेत.

कॅनडाने ऑगस्ट २०१७ मध्ये २० मीटर आणि त्याहून मोठ्या जहाजांना १० नॉटची मर्यादा घातली. या आकड्याला आधार आहे: धडक झाल्यास ती जीवघेणी ठरण्याची शक्यता १५ नॉटला सुमारे ८० टक्के असते आणि ८.६ नॉटला सुमारे २० टक्क्यांवर येते. २०१८ मध्ये मासेमारीचे काही क्षेत्र हंगामभर बंद ठेवले आणि देवमासा दिसेल तिथे तात्पुरती बंदी लागू केली. बर्फफोडी जहाजे लावून बंदरे लवकर मोकळी केली, म्हणजे देवमासे येण्याआधी खेकड्यांचा बराच हंगाम उरकेल. त्या वर्षी कॅनडाच्या पाण्यात एकही मृतदेह मिळाला नाही.

मग २०१९ साठी नियमांची पकड थोडी सैल झाली आणि देवमाशांनीही चरण्याची जागा बदलली. बंद ठेवलेले क्षेत्र आदल्या वर्षांच्या दर्शनांवरून आखलेले होते. त्या वर्षी कॅनडात ९ देवमासे मेले. मेन आखातात जी चूक दहा वर्षांत उघडी पडली, तीच इथे एका वर्षात उघडी पडली.

२०२० पासून पद्धत बदलली. देवमासा दिसला किंवा पाण्याखालच्या ध्वनिग्राहकाने त्याचा आवाज टिपला, की तो चौकोन १५ दिवसांसाठी बंद. नवव्या ते पंधराव्या दिवसांत तो पुन्हा आढळला, तर सेंट लॉरेन्स आखातात तो चौकोन हंगाम संपेपर्यंत बंद. ही व्यवस्था आम्हाला पटते, कारण ती अन्नाच्या मागे जाणाऱ्या प्राण्याच्या मागे जाते. तिची उणीव एवढीच की ती देवमासा येऊन पोहोचल्यावर जागी होते, आणि तोवर दोर पाण्यात असतात. धुके असेल तर विमानातून काही दिसत नाही. चरताना देवमासे फारसे बोलतही नाहीत, त्यामुळे ध्वनिग्राहकालाही ते चुकतात. बोयाचा दोर तळाशीच गुंडाळून ठेवून संकेत दिल्यावर वर सोडणारे पिंजरे हा यावरचा खरा तोडगा. बंद क्षेत्रांत त्यांचा वापर सुरू झाला आहे. ते महाग आहेत, आणि शेजारच्या नौकेला तळाशी पडलेले पिंजरे दिसावेत यासाठी सामायिक नकाशा लागतो. लहान नौकावाल्यावर हा खर्च एकट्याने लादणे न्याय्य नाही.

पुढे काय मोजायचे

राइट व्हेलची संख्या २०२० पर्यंत साडेतीनशेच्या आसपास घसरली आणि त्यानंतर थोडी सावरली. दरम्यान २०२४ पासून मेन आखाताच्या खोल भागात पुन्हा थंड, कमी खारे पाणी येऊ लागले आहे. १९९८ चा अनुभव लक्षात घेता, थंड पाणी आले म्हणून फंडीतला कॅलॅनस लगेच परत येईल असे गृहीत धरून काही ठरवू नये. पाहायचे ते हे: नॉर्थईस्ट चॅनेलमधून येणाऱ्या पाण्यात पाचव्या अवस्थेतले कॅलॅनस किती, जून-जुलैत जॉर्डन आणि ग्रँड मनानच्या खोलगटांत तळालगतचा थर किती जाड आणि किती दाट, आणि त्यातल्या प्राण्यांची तेलपिशवी किती भरलेली. तिन्ही मोजमापे थरनिहाय हवीत, स्तंभाची सरासरी चालणार नाही. जूनच्या शेवटी हे आकडे हाती आले, तर देवमासे कुठे चरतील याचा अंदाज त्यांच्या आगमनाआधी काही आठवडे देता येतो, आणि पिंजरे कुठे टाकू नयेत हे मच्छीमारांना वेळेत सांगता येते.

तोवर फंडीतला वळवलेला जहाजमार्ग आणि रोझवेची हंगामी शिफारस, तिथे आज देवमासे कमी दिसतात म्हणून, रद्द करण्याचा विचारही होऊ नये. तिथला थर पुन्हा दाट झाला, तर देवमासे त्या खोलगटांत एका उन्हाळ्यात परततील. जहाजमार्ग हलवायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.